फर्निचर करून घेताय? आधी माणसाचं माप घ्या

फर्निचर करून घ्यायला माझ्याकडे येणारे बहुतेक जण भिंतीचं माप घेऊन येतात. साडेसहा फूट बाय दोन, यात बसेल असं काहीतरी करा. मी तो कागद बाजूला ठेवते आणि विचारते, वापरणार कोण? कशासाठी? डावखुरं कोणी आहे का?

आपल्यासाठी म्हणून केलेल्या वस्तूचं खरं सुख इथेच आहे. तयार टेबल साधारण ७२ ते ७६ सेंटिमीटर उंचीचं असतं आणि ते सरासरी माणसासाठी ठरवलेलं असतं. ज्यांची उंची त्या सरासरीत बसत नाही ते आयुष्यभर खांदे उचलून लिहितात किंवा पाठ वाकवून.

एका भाषांतरकार बाईंसाठी लिहिण्याचं टेबल केलं होतं. उंची पाच फुटांच्या आत, हात डावा. खुर्चीत बसवलं, पावलं जमिनीवर सपाट टेकवायला सांगितली, खांदे सैल, कोपर काटकोनात. गुडघ्यामागच्या खोलगट भागापर्यंतची उंची म्हणजे बैठकीची उंची: त्यांची ३९ सेंटिमीटर निघाली. जमिनीपासून कोपरापर्यंतचं अंतर ६२, म्हणून टेबल ६४ चं केलं. लिहायला कोपरापेक्षा दोनेक सेंटिमीटर वर असलेलं बरं पडतं. त्यांना समोर खण हवा होता. पण एवढ्या कमी उंचीत समोरचा खण थेट मांड्यांना लागला असता, म्हणून तो उजव्या बाजूला घेतला. डाव्या हातात पेन तसंच ठेवून उजव्याने उघडता येतो. दिव्याची जागाही उजवीकडे, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली कागदावर पडत नाही. दुकानात असं टेबल मिळणारच नाही, कारण ते त्या एकाच बाईंचं आहे.

तुम्हीही ही मापं घरी घ्या. मग जाड पुठ्ठ्याचा खऱ्या आकाराचा नमुना करून जागेवर ठेवा आणि दोन दिवस त्याच्या आजूबाजूने वावरा. कागदावर छोटा वाटणारा पाच सेंटिमीटरचा फरक कंबर आपटली की कळतो.

भिंतीचं माप आता घ्या, पण एकदाच नाही. खाली, मध्ये आणि वर, तिन्ही ठिकाणी घ्या आणि सर्वांत कमी आकडा धरा. भिंती क्वचितच सरळ असतात. प्लगच्या जागा, दाराची झडप, खिडकीची कडी आराखड्यावर दाखवा. उंच कपाट आडवं आणून उभं करायचं असेल तर छताकडे बघा: २१० सेंटिमीटर उंच आणि ६० खोल कपाट उभं होताना त्याचा कर्ण सुमारे २१८ भरतो. छत २१५ वर असेल तर ते आत येऊनही आडवंच राहील. मग ते दोन भागांत करायला सांगा.

आता सुताराला काय विचारायचं. अखंड लाकडाचं टेबल असेल तर पहिला प्रश्न हाच: वरची फळी चौकटीला कशी बसवणार? लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. त्यामुळे ते त्याच्या अंगावरच्या रेषांच्या आडव्या दिशेने फुगतं-आक्रसतं, लांबीच्या दिशेने जवळपास नाही. रुंद फळी वर्षभरात काही मिलिमीटर हलते. ती चारही बाजूंनी घट्ट स्क्रूने आवळली किंवा गोंदाने चिकटवली, तर तिला हलायला जागाच उरत नाही आणि ती तडकते. जाणकार माणूस लांबट भोकं ठेवतो किंवा खाचेत सरकणारे लाकडी ठोकळे लावतो. हे उत्तर त्याने न अडखळता दिलं की माझा निम्मा घोर मिटतो.

प्लायला व्हिनिअर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) लावणार असाल तर दोन्ही बाजूंना लावायला सांगा, एकाच बाजूला लावलं तर पल्ला वाकतो. पुस्तकांसाठी १८ मिलिमीटर प्लायची फळी असेल तर दर ७५-८० सेंटिमीटरला आधार हवा. पॉलिशचा नमुना त्याच लाकडाच्या तुकड्यावर घ्या आणि तुमच्याच खोलीतल्या उजेडात, दिवसा आणि रात्री बघा. मापं, लाकूड, बिजागऱ्या, हप्ते, तारीख सगळं लेखी.

एक स्पष्टच सांगते: लवकरच घर बदलणार असाल तर भिंतीत बसवलेलं काही करू नका. टेबल, खुर्ची, पलंग करा, ते तुमच्याबरोबर येतात. पुस्तकांच्या साध्या रॅकला तर तयार मालही पुरतो.

वस्तू घरी आल्यावर पहिलं वर्ष तिला समजून घ्या. दमट हवेत लाकडी खण अडकायला लागला तर लगेच रंधा मारून घेऊ नका. कडांना मेण चोळा आणि हवा कोरडी होईपर्यंत थांबा. तेव्हाही अडकत असेल तरच सुताराला बोलवा. नाहीतर आता तासलेला खण कोरड्या दिवसांत खुळखुळेल, आणि काढलेलं लाकूड परत लावता येत नाही.