प्रोजेक्टरला प्लेअर आणि कॅमेरा जोडताना या चुका टाळा

पडद्यावर 'नो सिग्नल' दिसलं की लोकांचा पहिला हात जातो तो प्रोजेक्टरच्या रिमोटवर. मग एकेक करत सगळी बटणं दाबून होतात, मेनूची भाषा बदलते, चित्र उलटं होतं, कीस्टोन (चित्राची चौकट सरळ करायची सेटिंग) वाकडा होऊन बसतो, आणि शेवटी कळतं की प्लेअरच्या मागची पिन अर्धीच आत गेली होती. मी बरीच वर्षं हॉलमधे प्लेअर, लॅपटॉप, कॅमेरे प्रोजेक्टरला जोडायचं काम करतोय आणि त्याच त्याच चुका बघून खरंच जीव मेटाकुटीला येतो, म्हणून एकदा सगळं लिहून काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे पडद्यावर काय लिहून आलंय ते नीट वाचा. 'नो सिग्नल' म्हणजे प्रोजेक्टरपर्यंत काहीच पोचत नाहीये, किंवा इनपुट चुकीचं निवडलंय. 'आउट ऑफ रेंज' किंवा 'अनसपोर्टेड' असं काही आलं तर सिग्नल पोचतोय पण प्रोजेक्टरला तो झेपत नाहीये, म्हणजे केबल बरी आहे आणि रिझोल्यूशन (चित्रात किती ठिपके) किंवा फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलायचाय. ही दोन दुखणी वेगळी आहेत, तरी लोक दोन्हीवर एकच औषध करतात, केबल काढायची आणि परत लावायची!

मधल्या केबलवर आंधळा विश्वास

ही माझ्या मते सगळ्यात महागात पडणारी चूक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

एका हॉलमधे मला बोलावलं होतं, प्रोजेक्टर बिघडलाय म्हणून. छताला लटकवलेला नवाकोरा प्रोजेक्टर, खाली टेबलावर ब्लू-रे प्लेअर, आणि मधे भिंतीतल्या पाइपातून नेलेली पंचवीस मीटरची एचडीएमआय केबल. पहिल्या दिवसापासून चित्रच आलेलं नाही. मी पोचायच्या आधी दोन जणांनी प्रोजेक्टर खाली उतरवून परत चढवला होता, प्लेअर बदलून बघितला होता, लॅपटॉप लावून बघितला होता. तिथले एक काका मला म्हणाले, "अहो, आम्ही सगळं करून बघितलंय, मशीनच खराब आलंय." मी विचारलं, "प्लेअर वर नेऊन छोट्या केबलने थेट लावून बघितला का?" नाही. तेवढं एकच राहिलं होतं.

माझ्या बॅगेत दीड मीटरची एक एचडीएमआय केबल कायम असते, चांगली आहे हे मला पक्कं माहीत असलेली, तिच्यावर लाल टेप गुंडाळलेली आहे आणि ती मी कुणाला उसनी देत नाही. शिडीवर चढलो, प्लेअर प्रोजेक्टरच्या शेजारी धरला, ती केबल लावली, पंधरा सेकंदात चित्र. म्हणजे प्लेअर ठीक, प्रोजेक्टर ठीक, दोष मधे. मग भिंतीतून बाहेर आलेल्या केबलचं टोक हातात घेतलं आणि मोबाइलचा टॉर्च लावून बघितलं. कनेक्टरच्या काळ्या प्लॅस्टिकवर काळ्याच रंगात उठावाची बारीक अक्षरं होती, 'सोर्स'. प्रोजेक्टरच्या बाजूला! खाली टेबलाकडच्या टोकावर 'डिस्प्ले'.

ती ऑप्टिकल एचडीएमआय केबल होती. साध्या तांब्याच्या एचडीएमआय केबलला दिशा नसते, कुठलंही टोक कुठेही लावा. ऑप्टिकलमधे एका टोकात सिग्नलचा प्रकाश करणारे भाग असतात आणि दुसऱ्या टोकात त्या प्रकाशाचा परत सिग्नल करणारे, त्यामुळे ती एकाच दिशेने चालते. उलटी लावली तर काहीही जात नाही, धूसर चित्रसुद्धा नाही. वायरिंग करणाऱ्याने केबल वरून खाली ओढली, टोकं बघितली नाहीत, भिंत बुजवली, रंगसुद्धा मारून झाला. शेवटी सगळी केबल पाइपातून परत ओढून काढावी लागली आणि ओढताना एका वळणावर ती मुडपली, काचेचा तंतूच तो, गेली कायमची. दोन मिनिटांचं काम होतं, केबल जमिनीवर पसरून प्लेअर ते प्रोजेक्टर एकदा चालवून बघायचं. भिंतीत घालायच्या आधी चाचणी न करणाऱ्यांबद्दल माझं मत फार कडक आहे आणि ते बदलणार नाही.

तांब्याच्या केबलचं दुखणं वेगळं, ते लांबीचं. १०८०पी ६० साठी, म्हणजे १९२० बाय १०८० ठिपक्यांचं चित्र सेकंदाला ६० वेळा, केबलमधून सेकंदाला साधारण ४.५ गिगाबिट जातात, ४के ६० ला जवळपास १८, म्हणजे चौपट. त्यामुळे जी दहा मीटरची केबल १०८०पी ला वर्षानुवर्षं नीट चालली तीच नवीन ४के प्लेअर लावल्यावर रडायला लागते, आणि लोक म्हणतात प्लेअर खराब. लक्षणं ओळखायला शिका. चित्रात पांढरे ठिपके चमकतात, किंवा पडदा एकदोन सेकंद काळा होऊन परत येतो, मधेच आवाज तुटतो. हे दिसलं की मी वाद घालत बसत नाही, प्लेअरच्या सेटिंगमधे जाऊन रिझोल्यूशन 'ऑटो'वरून काढतो आणि १०८०पी वर पक्कं करतो. कित्येक हॉलमधले प्रोजेक्टर मुळात १९२० बाय १०८० नाहीतर १२८० बाय ८०० चेच असतात, खोक्यावर '४के सपोर्ट' लिहिलेलं असलं तरी त्याचा अर्थ बरेचदा एवढाच की तो ४के सिग्नल आत घेतो आणि लहान करून दाखवतो. मग लांब केबलवर तो भार टाकायचा कशाला?

कन्व्हर्टर उलटा घेणं

एचडीएमआय ते व्हीजीए (जुनं अ‍ॅनालॉग चित्राचं कनेक्शन) आणि व्हीजीए ते एचडीएमआय या दोन वेगळ्या वस्तू आहेत. प्लेअरकडून प्रोजेक्टरकडे जाताना सुरुवात कुठून आणि शेवट कुठे हे तोंडाने म्हणा आणि मगच घ्या. एव्ही (पिवळा, लाल, पांढरा जॅकवालं जुनं कनेक्शन) ते एचडीएमआयचंही तेच. आणि एका बाजूला एचडीएमआय, दुसऱ्या बाजूला व्हीजीए, मधे नुसती वायर, अशी केबल मिळते ती घेऊच नका, डिजिटलचं अ‍ॅनालॉग करायला मधे चिप लागते, नुसत्या तांब्याने ते होत नाही. व्हीजीएमधून आवाज जात नाही हेही दर वेळी नव्याने सांगावं लागतं.

कॅमेरा

कॅमेऱ्याच्या बाबतीत नवशिक्यांची घाई सगळ्यात जास्त दिसते, कारण कॅमेरा हा प्लेअरसारखा ठेवला आणि विसरला असा चालत नाही. एकेक सांगतो.

यूएसबी पोर्टला केबल लावून दुसरं टोक प्रोजेक्टरला लावलं की चित्र येईल असं पुष्कळांना वाटतं. कॅमेऱ्याचं यूएसबी हे फायली काढायला, फार तर कॉम्प्युटरला वेबकॅम म्हणून जोडायला असतं. प्रोजेक्टरला थेट चित्र द्यायचं तर एचडीएमआय किंवा जुन्या कॅमेऱ्यात एव्ही. टाइप-सीचं तर आणखी वेगळं, भोक सारखं दिसलं म्हणून त्यातून व्हिडिओ बाहेर येतोच असं नाही, मॅन्युअल बघा.

जुन्या हँडीकॅमला ३.५ एमएमच्या भोकात जाणारी आणि पुढे पिवळा, लाल, पांढरा असे तीन जॅक फुटणारी केबल असते. त्या पिनेवर तीन काळ्या रेघा म्हणजे चार भाग असतात, आणि कुठल्या भागावर काय द्यायचं हे प्रत्येक कंपनीने आपापलं ठरवलंय. एकदा मी असाच एका कॅमेऱ्यापुढे अर्धा तास घालवलेला आहे, पिवळा जॅक पिवळ्यात, सगळं जागच्या जागी, पण पडदा काळा आणि स्पीकरमधून नुसती घर्रर्र. ती घरघर ऐकूनच शेवटी लक्षात आलं की व्हिडिओ आवाजाच्या वाटेने चाललाय. लाल जॅक काढून पिवळ्या भोकात घातला, चित्र लगेच आलं. केबल दुसऱ्या कंपनीची होती. तेव्हापासून अशी घरघर आली की मी आधी जॅकची अदलाबदल करून बघतो, रंगांवर जात नाही.

जुन्या डीव्हीडी प्लेअरची याच जातीतली गंमत म्हणजे मागे लाल भोकं बरेचदा दोन असतात, एक आवाजाचं, एक कंपोनंट व्हिडिओचं (हिरवा, निळा, लाल अशा तीन जॅकमधून जाणारं चित्र). आणि कंपोनंटचं हिरवं टोक पिवळ्यात गेलं तर चित्र येतं पण कृष्णधवल. काळंपांढरं दिसलं की प्रोजेक्टरचे रंग वरखाली करत बसू नका, आधी मागे जाऊन जॅक बघा.

आता एचडीएमआयवाल्या कॅमेऱ्यांकडे. यात बहुतेक वेळा मोठं नाही, मिनी नाहीतर मायक्रो एचडीएमआय असतं, आणि मायक्रोचं सॉकेट फार नाजूक. त्यात पिन घालून पाच मीटरची जाड केबल ट्रायपॉडवरून तशीच लोंबकळत सोडलेली मी दर कार्यक्रमात बघतो आणि पोटात गोळा येतो. त्या वजनाने सॉकेट हळूहळू सैल होतं, आधी चित्र अधूनमधून जातं, मग केबल हाताने वर धरली तरच येतं, आणि एके दिवशी सॉकेट बोर्डावरून उखडतं. माझी पद्धत अशी की कॅमेऱ्याला एक वीतभर लांबीची पातळ, लवचिक मायक्रो ते साधी एचडीएमआय अशी जोडकेबल लावायची, ती ट्रायपॉडच्या दांड्याला वेल्क्रोने बांधायची, पिनेजवळ थोडा ढिला फेरा ठेवायचा आणि जाड केबल त्याच्या पुढे जोडायची. कुणी केबलला अडखळलं तर ओढ दांड्याला बसते, कॅमेऱ्याला नाही. याला दोन मिनिटं लागतात आणि यात शॉर्टकट नाही.

मेनूतल्या तीन गोष्टी कार्यक्रमाच्या आधी बघाच. बॅटरीची खूण, शटर, फोकसची चौकट हे सगळं पडद्यावर दिसत असेल तर 'एचडीएमआय इन्फो डिस्प्ले' बंद करा. ऑटो पॉवर ऑफ बंद करा, नाहीतर भाषण रंगात आलं असताना कॅमेरा झोपतो. आणि एचडीएमआय आउटपुट ऑटोवर न ठेवता १०८०पी ५० किंवा ६० वर ठेवा, कारण २५पी किंवा ३०पी न घेणारे जुने प्रोजेक्टर मी पाहिलेत. बॅटरीवर भिस्त ठेवू नका, अ‍ॅडॉप्टर किंवा डमी बॅटरी (बॅटरीच्या जागी बसून बाहेरून वीज देणारी) लावा.

वक्ता मंचावर आणि त्याचंच लाइव्ह चित्र मागे पडद्यावर, असं करायचं असेल तर वायरलेसच्या नादी लागू नका. २५ फ्रेमला एक फ्रेम म्हणजे ४० मिलिसेकंद, आणि केबलनेसुद्धा कॅमेरा, स्विचर (अनेक इनपुटमधून एक निवडणारा डबा), प्रोजेक्टर मिळून दोनचार फ्रेम मागे पडतातच. त्यात मोबाइलवर कास्ट करतात तसं वायरलेस घातलं तर ओठ आणि आवाज यांची फारकत मागच्या रांगेतल्या माणसालाही कळते. प्रोजेक्टरमधे गेम मोड किंवा फास्ट मोड असेल तर तो लावा, चित्र गुळगुळीत करणारी सगळी सेटिंग बंद करा.

आवाज आहे, चित्र नाही

असं झालं की आधी एचडीसीपी आठवा. हे कॉपी होऊ नये म्हणून असलेलं कुलूप आहे, आणि प्लेअरपासून प्रोजेक्टरपर्यंतच्या प्रत्येक डब्याने त्याला होकार द्यावा लागतो. ४के ब्लू-रे ला एचडीसीपी २.२ लागतं. मधे जुना स्प्लिटर (एक सिग्नल अनेक पडद्यांना वाटणारा डबा) असला की प्लेअर नवा, प्रोजेक्टर नवा, तरी पडदा काळा किंवा चित्र १०८०पी वर उतरलेलं. व्हीजीए कन्व्हर्टरमधून विकतच्या सिनेमाची डिस्क दिसत नाही त्याचंही कारण बहुतेक वेळा हेच. आपण घेतलेल्या कॅमेऱ्याच्या व्हिडिओला हे कुलूप नसतं, म्हणून "काल कॅमेरा चालला, आज डिस्क का नाही" हा प्रश्न येतो. मधले डबे काढा, प्लेअर थेट लावा, चाललं तर एकेक डबा परत जोडत या. सगळे एकदम काढून सगळे एकदम लावू नका, त्यातून काहीच कळत नाही.

उलट चित्र आहे आणि आवाज नाही, तर प्लेअरचा डिजिटल ऑडिओ 'बिटस्ट्रीम'वरून (डॉल्बीसारखा दाबलेला आवाज) 'पीसीएम'वर (प्लेअरनेच उलगडलेला साधा आवाज) आणा. बऱ्याच प्रोजेक्टरना डॉल्बी उलगडता येत नाही.

बाकी छोट्या चुका. चित्रातून आडवे पट्टे हळूहळू सरकत असतील आणि स्पीकर गुणगुणत असेल तर प्लेअर, प्रोजेक्टर, साउंड सगळं एकाच बोर्डावरून घ्या, आणि कुणी अर्थिंगची पिन तोडायला सांगितली तर त्याचं अजिबात ऐकू नका, तो जिवाशी खेळ आहे. प्रोजेक्टरच्या यूएसबीत पेन ड्राइव्ह घालून सिनेमा लागेल असं धरून चालू नका, काहींमधे ते पोर्ट नुसतं सर्व्हिससाठी असतं. पेन ड्राइव्ह एफएटी३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल त्यावर बसतच नाही. लॅपटॉपला विंडोज आणि पी दाबून 'डुप्लिकेट' करायला विसरू नका.

सुरू करायचा माझा क्रम ठरलेला आहे, आधी प्रोजेक्टर, मग इनपुट निवडायचं, मग स्विचर, आणि सगळ्यात शेवटी प्लेअर किंवा कॅमेरा. प्लेअर चालू होताना समोरच्याला विचारतो की तुला काय काय झेपतं, आणि समोर कुणी जागंच नसेल तर कधी कधी मनाला येईल ते रिझोल्यूशन धरून बसतो. घाईत आधी प्लेअर लावला असेल तर तो बंद करून परत चालू करा, केबल ओढू नका.

आणि आदल्या दिवशी चाचणी घेताना चित्र आलं रे आलं की गुंडाळून घरी जाऊ नका. तीच डिस्क, तोच कॅमेरा, तीच केबल लावून निदान अर्धा तास चालू ठेवा, कारण ऑटो पॉवर ऑफ, तापणारा कन्व्हर्टर, सैल सॉकेट यातलं काहीही पहिल्या पाच मिनिटांत दिसत नाही.