जाम झालेला पिस्टन सोडवला – माझा अनुभव

विहिरीवरचं आजोबांच्या वेळचं डिझेल इंजिन 12 वर्षं पडून होतं, हँडल जागचं हलेना. हेड (इंजिनचं वरचं झाकण) काढलं तर पिस्टनच्या कडेने गंजाची लाल रेघ. सगळे म्हणाले भंगारात घाल, पण माझं मन होईना. ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं एटीएफ ऑइल आणि अ‍ॅसिटोन निम्मं-निम्मं बोअरमधे (पिस्टन ज्यात वर-खाली होतो ती नळी) ओतलं (अ‍ॅसिटोन भपकन पेटतं, विडीवाले लांब ठेवा) आणि रोज लेव्हल बघायचो, उतरली म्हणजे पिस्टनभोवतीच्या रिंगांमधून झिरपतंय. बोअरचा वरचा गंज पॉलिश पेपरने आधीच काढला, नाहीतर पिस्टन वर येताना तिथंच अडकतो. मग बाभळीचा ठोकळा ठेवून हलके ठोके, लोखंड डायरेक्ट मारू नका, पिस्टन फुटतो. नवव्या दिवशी ठोक्याचा आवाज बदलला, फ्लायव्हील बोटभर फिरलं, डोळ्यात पाणीच आलं. आता रिंगा नवीन टाकतोय, बोअर होन करायला (आतून घासून नीट करायला) दिलाय.