'दारूसाठी आधी अ‍ॅडमिट झाला होतात का?' हा प्रश्न पुरत नाही

मानसोपचाराच्या वॉर्डात नव्याने लागलेल्यांसाठी लिहितोय, दारू एकदम तुटल्यावर येणाऱ्या फिटबद्दल. गाबा, ग्लुटामेट ही मेंदूतली रसायनं तुम्ही वाचलेली आहेत, ते सोडतो.

माझा दुसराच आठवडा. पन्नाशीचे काका, रोजची क्वार्टर-दोन क्वार्टर, शेवटची आदल्या रात्री दहाला. "दारूसाठी आधी कधी अ‍ॅडमिट झाला होतात?" "नाही साहेब." मी केसपेपरवर 'पहिलीच वेळ' लिहिलं. सीवा स्कोअर (दारू तुटल्याची लक्षणं मोजणारे गुण) कमी, म्हणून ती लक्षणं आवरणाऱ्या क्लोरडायझेपॉक्साइडचा डोसही हात राखून. रात्री दोनला, म्हणजे २८ व्या तासाला, फिट आली. जीभ चावली गेली, बाकी निभावलं.

सकाळी काकू म्हणाल्या, "दर श्रावणात सोडतात की! पहिल्यांदा नुसती झोप उडाली. मग हात कापायला लागले. गेल्या साली घाम, उलट्या, भिंतीवर मुंग्या दिसायच्या." शिवाय पाय मोडला तेव्हा तीन आठवडे खाटेवर, तेव्हाही दारू बंद. मी अ‍ॅडमिशन मोजल्या होत्या. मेंदू मोजतो ते प्रत्येक वेळी दारू एकदम तुटणं: श्रावण, माळ, कोठडी, प्लास्टर, सगळं. शनिवारी दोन पेग घेणाऱ्याचा श्रावण यात धरू नका. सकाळी हात थरथरणाऱ्याचा धरा.

दर खेपेला त्रास असा वाढत जातो, याला किंडलिंग म्हणतात. १९६० च्या दशकात कॅनडात गॉडार्ड या संशोधकाने उंदरांच्या मेंदूला रोज तोच बारीकसा विजेचा झटका दिला. सुरुवातीला काहीच होईना. काही दिवसांनी तेवढ्याच झटक्याला फिट येऊ लागली. बॅलेंजर आणि पोस्ट या मानसोपचारतज्ज्ञांनी १९७८ मध्ये हीच कल्पना दारू तुटण्याला लावली. दारू तीच, माणूस तोच, पण दर खेपेला मेंदू थोडा जास्त पेटतो. माणसांतला पुरावा उंदरांइतका चोख नाही. तरी फिट येणाऱ्यांच्या इतिहासात आधीच्या डिटॉक्सची, म्हणजे दारू सोडवण्याच्या उपचारांची, संख्या जास्त सापडते. म्हणून "चार वेळा सोडली, काही नाही झालं" हे ऐकून निवांत होऊ नका. उलट विचारा: दर वेळी काय काय झालं? क्रमाने.

फिट दिसली की फेनिटॉइन (मिरगीचं औषध) लोड करणारे, म्हणजे एकदम मोठा डोस देणारे सीनियर भेटतीलच. दारू तुटल्याच्या फिटवर त्याचा उपयोग नाही. क्लोरडायझेपॉक्साइडच्याच गटातलं लोराझेपाम दिलं तर दुसरी फिट टळण्याची शक्यता वाढते. साखर, सोडियम, डोक्याचा मार बघायचाच. डेक्स्ट्रोजआधी (साखरेच्या सलाइनआधी) थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. माझं मत विचाराल तर हे सगळं मला लेक्चररपेक्षा नाइटच्या सिस्टरनी जास्त शिकवलं.

नातेवाइकांना मात्र "मग पीतच राहू दे" असं वाटेल असं बोलू नका. पुढच्या वेळी औषधाखाली सोडा, एवढंच सांगा. आणि फिट आली म्हणून स्वतःला खाऊ नका. मी महिनाभर खाल्लं, पेशंटला त्याचा काडीचा फायदा झाला नाही.

गटारीनंतरच्या दोन-तीन रात्री ड्यूटी लागली तर लोराझेपामची इंजेक्शनं आहेत का, हे संध्याकाळीच बघून ठेवा. ती फ्रिजमध्ये असतात, आणि आमच्याकडे त्या फ्रिजची किल्ली रात्री दोनला कुणाकडेच नसायची.