मुख्याध्यापकांनी काय वाचावं आणि कसं

मुख्याध्यापकाच्या टेबलावर वाचायला कागद कमी नसतात. परिपत्रकं, जीआर, पोषण आहाराचा हिशेब, यू-डायस या सरकारी नोंदणीत भरायची शाळेची माहिती. शाळा त्यावर चालते, पण वर्गात मूल नेमकं कुठे अडलंय हे त्यातून कळत नाही. त्यासाठी वेगळं वाचावं लागतं.

पुस्तक शोधण्याआधी प्रश्न शोधा. आठवडाभर रोज एका वर्गात १५ मिनिटं मागे बसा आणि जे खटकेल ते वहीत लिहा. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत दुसरीच्या वर्गात मी असाच बसलो होतो. मांजराचं चित्र दाखवल्यावर एक मुलगी म्हणाली, "पिल्ली!" बाई म्हणाल्या, "पिल्लू नाही गं, मांजर." मुलगी गप्प झाली, ती तास संपेपर्यंत. तिचं काहीच चुकलं नव्हतं. तेलुगूत मांजराला पिल्लीच म्हणतात. त्या दिवशी वहीत लिहिलं: घरी तेलुगू, शाळेत मराठी, मग वाचन कसं शिकवायचं?

आता या प्रश्नाला धरून वाचा. आधी २००९ चा शिक्षण हक्क कायदा, तोही मुळातून. शक्य असेल तिथवर मुलाच्या मातृभाषेतून शिकवावं, हे कलम २९ मध्ये आहे. शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करणारं कलम १७ आणि व्यवस्थापन समितीचं कलम २१ ही दोन्हीही वाचाच. ऐकीव माहितीवर शाळा चालवू नये.

मग यशपाल समितीचा १९९३ चा अहवाल. दप्तराच्या वजनापेक्षा न समजण्याचं ओझं जड असतं, हा त्याचा गाभा. आणि गुजरातचे शिक्षणतज्ज्ञ गिजुभाई बधेकांचं 'दिवास्वप्न' हे पुस्तक. चौथीचा वर्ग मागून घेतलेल्या त्यातल्या शिक्षकाचा पहिलाच दिवस पार फसतो. शांततेचा खेळ घ्यायला जातो आणि वर्गात गोंधळ उडतो. दुसऱ्या दिवशी तो गोष्ट सांगायला बसतो. नव्या शिक्षकाच्या हाती मी आधी हेच देतो. 'जीवन शिक्षण' आणि 'शैक्षणिक संदर्भ' ही नियतकालिकं शाळेत येऊ द्या. सोलापुरात असाल तर हिराचंद नेमचंद वाचनालयाचं सभासदत्वही घ्या.

वेळ मिळत नाही, ही अडचण खरी आहे. म्हणून शाळा भरण्याआधी दोनच पानं वाचा आणि समासात लिहा: उद्या आपल्या शाळेत काय?

शनिवारी शाळा सुटल्यावर त्याच पानांच्या झेरॉक्स शिक्षकांना द्या. भाषण नको, एकच प्रश्न विचारा. बोलायची सुरुवात सर्वांत नव्या शिक्षकाने करावी. मुख्याध्यापक आधी बोलले की बाकीचे फक्त माना डोलावतात.

त्यातून ठरेल ते एकाच वर्गात करून बघा. आम्ही मुलांच्या आयांना विचारून भिंतीवर तक्ता लावला: मांजर–पिल्ली, कुत्रा–कुक्क, पाणी–नीळ्ळु. तीन आठवड्यांनी तीच वही घेऊन पुन्हा मागे बसलो. ती मुलगी तक्त्याजवळ उभी राहून बाईंना 'नीळ्ळु' म्हणायला शिकवत होती.