पॉम्पेई बघायला जाताय? मग हे असं बघा

पॉम्पेई म्हणजे इटलीतलं, इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं रोमन शहर. नेपल्सवरून सर्कमवेसुवियाना ट्रेन पकडा, पॉम्पेई स्काव्ही स्टेशनला उतरा, समोरच गेट आहे. आत गेल्या गेल्या सगळे फोरमकडे, म्हणजे शहराच्या मुख्य चौकाकडे धावतात, तुम्ही मात्र आधी रस्त्याकडे नीट बघा, मध्ये उंच दगड ठेवलेत ना, ते पाय न भिजवता रस्ता ओलांडायला, आणि त्यांच्यामधल्या फटीतून गाड्या जायच्या, चाकांच्या चाकोऱ्या अजून दिसतात!! मग बेकरी शोधा. डमरूसारखी दगडी जाती असतात, गाढव जुंपून फिरवायचे. मोडेस्तुसच्या बेकरीत तर भट्टीत ८१ पाव सापडले, इसवी सन ७९ चे, जळून कोळसा झालेले पण आकार तसाच. ओट्यात रांजण बसवलेले दिसले की समजायचं खानावळ.

चित्रांसाठी व्हिला ऑफ द मिस्टरीज हा जुना वाडा चुकवू नका, थोडं लांब आहे पण त्या लाल भिंतींसमोर निवांत उभं राहा, रंग ओल्या गिलाव्यावर दिलेत म्हणून टिकलेत.

दुसरा दिवस नेपल्सच्या म्युझियमला द्याच, कारण अलेक्झांडरचं मूळ मोझेक, म्हणजे छोट्या रंगीत तुकड्यांचं चित्र, तिथे आहे, पॉम्पेईत कॉपी आहे. आणि तिथेच आपल्या भारतातली हस्तिदंती स्त्रीमूर्ती आहे, १९३८ला पॉम्पेईत सापडलेली, लोक तिला लक्ष्मी म्हणतात. तशीच मूर्ती आपल्या जालन्यातल्या भोकरदनला उत्खननात मिळालीये, मला तर तिच्यासमोरून हलवेना.