केल्टिक परिषदेत निबंध वाचायचा असेल तर

वीस मिनिटं वाचन, दहा मिनिटं प्रश्न. वेल्श आणि केल्टिक परिषदांचा सर्वसाधारण हिशेब हाच. अडचण वेळेपेक्षा श्रोत्यांची असते. केल्टिक भाषांच्या दोन शाखा आहेत. वेल्श, कॉर्निश, ब्रेटन एका शाखेच्या. आयरिश, स्कॉटिश गेलिक, मांक्स दुसरीच्या. जुन्या आयरिशचा मुरलेला अभ्यासकही मध्ययुगीन वेल्श ओळीपाशी अडखळू शकतो. म्हणून इथे पडद्यावरच्या स्लाइडपेक्षा श्रोत्यांना वाटलेला, उताऱ्यांचा कागद जास्त कामाचा.

आधी परिषद निवडा. आंतरराष्ट्रीय केल्टिक अभ्यास काँग्रेस 1959 मध्ये डब्लिनला सुरू झाली. ती चार वर्षांतून एकदा भरते. 2019 ला बँगोर, 2023 ला उट्रेख्ट. तिथे एकाच वेळी अनेक सत्रं चालतात, त्यामुळे श्रोते विखुरतात. पहिलाच निबंध असेल तर हार्वर्डचं ऑक्टोबरमधलं केल्टिक कलोक्वियम किंवा डब्लिनच्या प्रगत अध्ययन संस्थेतली 'टिनोल' ही परिषद बरी.

गोषवाऱ्याची शब्दमर्यादा परिषदेने निबंध मागवताना काढलेल्या आवाहनात दिलेली असते, बहुधा 250 ते 300. पहिल्याच वाक्यात संहिता आणि तुमचा दावा यायला हवा. 'काही पैलूंचा मागोवा' असल्या शीर्षकावरून निवड करणाऱ्याला काहीच कळत नाही.

आता कागद. ए-फोरच्या दोन बाजूंवर सहा ते आठ उतारे पुरेत. प्रत्येकाला क्रमांक द्या, म्हणजे 'तिसरा उतारा पाहा' एवढं म्हटलं की काम होतं. आधी मूळ ओळी, खाली भाषांतर, शेवटी हस्तलिखिताचा पत्ता, म्हणजे त्याचा ग्रंथालयातला क्रमांक. हा पत्ता नेमका हवा. कारमार्थनचं काळं पुस्तक हे मध्ययुगीन वेल्श हस्तलिखित म्हणजे पेनिआर्थ 1, ते अ‍ॅबरिस्ट्विथच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. हर्गेस्टचं लाल पुस्तक म्हणजे जीझस कॉलेज 111, ते ऑक्सफर्डच्या बॉडलियनमध्ये. लाल पुस्तकाचं पान दोन रकान्यांत लिहिलेलं आहे, म्हणून संदर्भ रकान्याच्या क्रमांकाने देतात. नुसता पान क्रमांक दिला तर ओळ शोधण्यात प्रश्नांचा वेळ जातो. 'गॉडॉधिन' या जुन्या वेल्श काव्याच्या ए आणि बी अशा दोन संहिता आहेत. ओळ कोणत्या संहितेतली ते लिहिलं नाही, तर पहिला प्रश्न त्यावरच येणार हे धरून चाला.

छपाईत हमखास बिघडते ती 'टो बाख', म्हणजे दीर्घ स्वरावरची छपरासारखी खूण. वेल्शमध्ये डब्ल्यू आणि वाय हेही स्वर आहेत. त्यांच्यावर ही खूण असलेली अक्षरं पश्चिम युरोपच्या जुन्या संगणकी अक्षरसंचात नव्हती, त्यामुळे काही फॉन्टमध्ये त्यांच्या जागी रिकामा चौकोन उमटतो. फॉन्ट आत बसवून पीडीएफ करा आणि एक प्रत छापूनच तपासा. पडद्यावर नीट दिसतं म्हणून गाफील राहू नका.

कोशात वेल्श शब्द शोधताना, वाक्यात त्याचं आद्याक्षर बदलतं हेही ध्यानात ठेवा. कार्डिफचं वेल्श नाव 'कायर्डीध'. 'कार्डिफला' म्हणताना ते 'गायर्डीध' होतं आणि 'कार्डिफमध्ये' म्हणताना 'ङ्हायर्डीध'. कोशात मात्र मूळ अक्षराखालीच पाहायचं.

इंग्रजी निबंध 2200 शब्दांच्या वर नेऊ नका. मूळ ओळी मोठ्याने वाचणार असाल तर 2000 वरच थांबा, कारण कविता घाईने वाचली की यमकही ऐकू येत नाही आणि अर्थही पोचत नाही.

वेल्समध्ये वेल्श भाषेतल्या सत्रांना इंग्रजी दुभाष्या असू शकतो. हेडसेट सत्राआधीच घ्या, आवाज येतोय का ते पाहा आणि प्रश्न संपेपर्यंत जवळ ठेवा. भाषण इंग्रजीत असलं तरी चर्चा वेल्शमध्ये वळू शकते. तुम्हीच वेल्शमध्ये बोलणार असाल तर कागद आणि निबंध दुभाष्याला आधी द्या. नादबद्ध 'कंगहानेध' ओळीचं भाषांतर आयत्या वेळी कोणालाच जमत नाही.

प्रवासाचं एकच. अ‍ॅबरिस्ट्विथला श्रूजबरीवरून येणारी गाडी माखन्लेथला दोन भागांत तुटू शकते. एक भाग अ‍ॅबरिस्ट्विथला जातो, दुसरा किनाऱ्याने पुलहेलीकडे. डब्यातली पाटी पाहून बसा. अ‍ॅबरिस्ट्विथहून बँगोरला थेट रेल्वे नाही. नकाशावर जवळ दिसतं, पण रेल्वेने पूर्वेकडून मोठा वळसा पडतो, तेव्हा टी-टू बस पकडा.