लाकडावर चालणारा बाहेरचा बॉयलर घरातल्या डक्ट-हीटिंगला कसा जोडावा

बाहेरचा बॉयलर घेताना सगळी चर्चा भट्टी केवढी घ्यायची आणि लाकूड किती लागेल याच्यावर होते. खरं तर भट्टीत उष्णता तयार करणं हा यातला सोपा भाग. ती जमिनीखालून घरात आणून फर्नेसच्या, म्हणजे घरातल्या गॅसवर हवा तापवणाऱ्या यंत्राच्या, हवेत सोडायची, तिथे तुमचे पैसे वाचतात किंवा अक्षरशः मातीत जातात.

रचना अशी असते: भट्टीभोवती पाण्याची टाकी असते आणि त्यातलं पाणी साधारण ७० ते ८५ अंश सेल्सियसवर राहतं. पंप ते पाणी पाइपातून घरात पाठवतो. फर्नेसच्या वरच्या डक्टमध्ये (हवेच्या पत्र्याच्या मार्गात), म्हणजे प्लेनममध्ये, गाडीच्या रेडिएटरसारखी एक कॉइल बसवलेली असते. फर्नेसचाच ब्लोअर, म्हणजे पंखा, तिच्यातून हवा ढकलतो, हवा तापून खोल्यांत जाते आणि गार झालेलं पाणी परत बॉयलरकडे येतं. फर्नेस काढून टाकायची नाही; लाकूड संपलं की तीच कामाला येते.

आधी हिशेब

मिनिटाला १ लिटर पाणी १० अंशांनी गार झालं, तर सुमारे ०.७ किलोवॉट उष्णता मिळते. घराला कडाक्याच्या थंडीत २५ किलोवॉट लागत असतील, तर मिनिटाला ३६ लिटर पाणी फिरायला हवं. एक इंची पेक्स (प्लास्टिकच्या) पाइपातून एवढं पाणी जेमतेम जातं. गरज याहून जास्त असेल किंवा बॉयलर घरापासून लांब असेल, तर सव्वा इंची पाइप घ्या. पंप मात्र नुसत्या प्रवाहावर निवडू नका. संपूर्ण लाइनचा आणि कॉइलचा अवरोध धरून पंपाच्या आलेखावरून निवडा.

जागा ठरवण्याआधी स्थानिक परवानगी, शेजारच्या घरापासूनचं अंतर आणि धुराड्याची उंची यांचे नियम बघा. घराच्या विम्याच्या अटीही वाचून घ्या.

पायरी १: चर आणि पाइप

इथे हात आखडता घेऊ नका. खर्च कमी करायचाच असेल तर बॉयलरच्या दिखाऊ सोयींवर करा, पाइपावर नाही. स्वस्त पाइपात दोन नळ्या, भोवती गुंडाळलेला फोमचा पत्रा आणि वरून प्लास्टिकची नळी असते. या नळीत पाणी शिरलं की इन्सुलेशन संपलंच. बंद पेशींचा, म्हणजे पाणी न शोषणारा, फोम नळ्यांभोवती घट्ट भरलेला पाइप घ्या आणि तो ऑक्सिजन-रोधक थराचा आहे ना, याची खात्री करा. हवेतला ऑक्सिजन पाण्यात मुरला की लोखंड गंजतं.

चर गोठणरेषेखाली, म्हणजे थंडीत जमीन जिथवर गोठते त्याच्या खाली, गेला तर उत्तमच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे त्यात पाणी साचता कामा नये. तळाला वाळू, मग पाइप, वर पुन्हा वाळू, आणि त्यावर धोक्याची पट्टी टाकून मग माती लोटा. जमिनीखाली एकही सांधा ठेवू नका. पाइप अखंड घ्या. टोकांना रबरी टोप्या बसवा, नाहीतर पावसाचं पाणी तिथूनच आत शिरतं.

पायरी २: बॉयलरकडचं जोडकाम

बाहेरचे बहुतेक बॉयलर उघड्या पद्धतीचे असतात, म्हणजे टाकी वरून हवेला खुली असते आणि पाण्यावर दाब नसतो. अशा बॉयलरला वरची वाट कधीही बंद करू नका आणि घराच्या नळाची लाइन त्याला कायमची जोडून ठेवू नका.

पंप जाणाऱ्या लाइनवर, बॉयलरच्या पायथ्याशी, पाण्याच्या पातळीच्या बराच खाली बसवा. उकळीच्या जवळचं पाणी वर ओढून घ्यायला लावलं तर पंपातच वाफेचे बुडबुडे होतात. तो खडखडतो आणि थोड्याच दिवसांत जातो. पंपाच्या दोन्ही बाजूंना बॉल व्हॉल्व्ह लावा, म्हणजे तो बदलताना शेकडो लिटर पाणी काढावं लागणार नाही. परतीच्या लाइनवर गाळणी बसवा. परतीचं पाणी ६० अंशांच्या खाली जात असेल तर त्यात गरम पाणी मिसळणारा थर्मोस्टॅटिक मिश्रण-व्हॉल्व्हही लावा, कारण थंड पत्र्यावर धुरातलं पाणी आणि डांबर जमतं.

पायरी ३: कॉइल

कॉइल नेहमी फर्नेसच्या पुढे, गरम हवा बाहेर पडते त्या बाजूला बसवा. परतीच्या हवेच्या डक्टमध्ये बसवणं सोपं दिसतं, पण मग तापलेली हवा ब्लोअरच्या मोटरवरून जाते. ती मोटर गार राहते तीच त्या हवेवर.

प्लेनमचं माप घ्या आणि त्याच्या संपूर्ण आडव्या छेदाएवढी कॉइल निवडा. छोटी घेतली तर हवा अडते आणि फर्नेसची सुरक्षा-लिमिट (फार तापल्यावर बर्नर बंद करणारी स्विच) उगाच तुटत राहते. कडेला फट राहिली तर हवा तिथूनच निसटते, म्हणून पत्र्याची पट्टी मारून सांधे सील करा. कॉइलचं वजन डक्टच्या पत्र्यावर टाकू नका, खाली अँगल द्या. एअर कंडिशनिंगची कॉइल असेल तर तिचं पाणी या कॉइलवर टपकणार नाही, हे बघा.

गरम पाणी हवा बाहेर पडते त्या बाजूच्या तोंडात द्या, परतीचं दुसऱ्या तोंडातून घ्या. दोन्ही तोंडांवर व्हॉल्व्ह आणि थर्मामीटर हवेत. कॉइल बॉयलरच्या पाण्याच्या पातळीपेक्षा उंचावर असेल, तर तिथे आपोआप हवा सोडणारा व्हेंट लावू नका. त्या उंचीवर लाइनमध्ये वातावरणापेक्षा कमी दाब असू शकतो आणि व्हेंट हवा सोडण्याऐवजी आत ओढतो. तिथे हाताने उघडायचा ब्लीडर लावा.

पायरी ४: वायरिंग

फर्नेसच्या जुन्या थर्मोस्टॅटला हात लावू नका. शेजारी दुसरा थर्मोस्टॅट लावा. तो रिलेमार्फत (विजेने चालणाऱ्या स्विचमार्फत) फर्नेसच्या आर आणि जी या टोकांना जोडेल, म्हणजे फक्त ब्लोअर सुरू होईल, बर्नर नाही. रिले वेगळा का? दोन थर्मोस्टॅटचा करंट एकमेकांत घुसू नये म्हणून. रिलेच्या वाटेत गरम पाइपावर ॲक्वास्टॅट (पाण्याच्या तापमानावर चालणारा स्विच) बसवा आणि तो ५० अंशांवर ठेवा. भट्टी विझली तर ब्लोअर गार हवा फेकत बसणार नाही.

लाकडाचा थर्मोस्टॅट २१ वर, फर्नेसचा १८ वर ठेवा. आग संपली की घर थोडं गार होतं आणि फर्नेस आपोआप लागते. यात एक मेख आहे: भट्टी थंड आणि पंप चालू असेल, तर फर्नेसने तापवलेली हवा कॉइलमधलं पाणी तापवते आणि तुमचा गॅस बाहेरच्या टाकीला ऊब देतो. एखाद्या रात्री ते चालेल, त्याने पाइप गोठत नाही. पण आठवडाभर बाहेर जाणार असाल तर गोठणरोधक म्हणून प्रोपिलीन ग्लायकॉल भरा किंवा लाइन रिकामी करा. थंडीत पंप एरवी सतत चालू ठेवायचा असतो.

फर्नेसची लिमिट स्विच बायपास करण्याचा मोह टाळा. थर्मोस्टॅटचं हे २४ व्होल्टचं काम ज्याला जमत नाही त्याने ते इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यावं, आणि गॅसच्या लाइनला तर कोणीच स्वतः हात लावू नये.

पायरी ५: पाणी भरणं आणि चाचणी

आधी लाइन धुऊन घ्या, मग खालून सावकाश पाणी भरा आणि ब्लीडरमधून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढा. बॉयलर कंपनीने सांगितलेलं गंजरोधक रसायन घाला आणि पाण्याची चाचणी दरवर्षी करा. घरात धुराचा आणि कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

आता थर्मामीटर बघा. ब्लोअर चालू असताना कॉइलवर ८ ते १२ अंशांचा फरक दिसला तर जोडणी बरोबर आहे. फरक २० च्या घरात गेला तर पाणी कमी फिरतंय: हवा अडकली आहे किंवा गाळणी तुंबली आहे. फरक अगदी थोडा आणि खोली गार असेल तर हवेकडे बघा, बहुधा फिल्टर घाण झालेला असतो. डक्टमधली हवा गॅसवर असायची तेवढी तापलेली लागणार नाही आणि ब्लोअर जास्त वेळ चालेल. त्यात बिघाड काही नाही.

जमिनीखालच्या पाइपाचीही परीक्षा घ्या. बॉयलरकडे आणि घरात शिरताना तापमान मोजा. ३६ लिटरच्या प्रवाहात एका अंशाची घट म्हणजे अडीच किलोवॉट, तीन अंश म्हणजे साडेसात! बर्फ पडल्यावर चरावरची पट्टी आधी वितळत असेल, तर मोजायचीही गरज नाही.

हंगाम संपल्यावर

उन्हाळ्यातही बॉयलर पेटता ठेवणार असाल तर कॉइलचे व्हॉल्व्ह बंद करा, नाहीतर एसीची थंड हवा त्या गरम कॉइलवरून जाईल. बॉयलर विझवलात तर तो रिकामा ठेवू नका, रसायन घातलेलं पाणी त्यात भरलेलं राहू द्या. भट्टीतली राख मात्र त्याच दिवशी पूर्ण काढा. राख ओल धरते आणि ओली राख पत्रा खाते.